एकोणचाळीस अंशांची साक्ष

१

सोमवारी सकाळी अंडी फोडली आणि मृणालिनी गर्देची सहा वर्षं मातीत गेली.

बनारसच्या त्या प्रयोगशाळेत इन्फ्लुएंझाचा एक जिवंत वाण तयार होत होता. मेलेल्या विषाणूची लस टोचतात. जिवंत विषाणूची नाकात थेंबाने घालतात, पण त्याआधी त्याची नखं काढावी लागतात. मृणालिनीने ती काढली होती. विषाणू या अंड्यातून त्या अंड्यात, दर वेळी जरा जास्त थंडाव्यात, असा तिने वर्षानुवर्षं वाढवला. गेल्या हिवाळ्यात पोरांना आडवं करणारा रशियन फ्लू आला, तेव्हा त्याचं कातडं तिने आपल्या थंडीत मुरलेल्या वाणावर चढवलं. असा वाण नाकात जगतो, कारण नाक थंड असतं. खाली तापलेल्या फुफ्फुसात तो तग धरत नाही. मुलांच्या नाकात घालायचा तर तो असाच हवा.

त्याची परीक्षा शेंबड्या पोरालाही कळेल अशी आहे. तोच वाण अंड्यांच्या दोन ट्रेमध्ये टोचायचा. एक ट्रे तेहतीस अंशांच्या मशीनमध्ये ठेवायचा, दुसरा एकोणचाळीसच्या. तेहतीसला वाढला पाहिजे, एकोणचाळीसला वाढता कामा नये.

तो दोन्हीकडे वाढला होता. सारखाच, भरघोस.

याचा अर्थ एक तर त्याला पुन्हा नखं फुटली, नाहीतर कुणीतरी कुपीत रानटी विषाणू मिसळला. सहा वर्षांत नखं एकदाही फुटली नव्हती. राहिलं दुसरं. कुपीच्या कपाटाची किल्ली मृणालिनीच्या कमरेला असायची. झाली चौकशी पुरी.

ती पुरी झाली नव्हती म्हणून नव्हे, तर कागदावर बाहेरच्या माणसाची सही लागते म्हणून मला पुण्याहून बोलावलं. मी प्रभावती दातार, पशुवैद्य. उमेदीची वर्षं सरकारी अंडी-उबवणी केंद्रात गेली. मग खात्याने मला चौकशांवर लावलं, कारण मी कुणाच्या घरी जेवत नाही आणि कुणाला साहेब म्हणत नाही.

अठ्ठ्याहत्तरचा तो महापूर नुकता उतरत होता. घाटांवर चिखलाचे थर, गल्ल्यांत कुजका वास. बुधवारी मी पोचले ते गुडघ्यापर्यंत भरलेल्या लुगड्यानिशी. संचालक खुर्चीतून अर्धे उठले, चहा मागवला आणि म्हणाले, शनिवारी दिल्लीची समिती येते आहे. शुक्रवारी सकाळी सगळ्या कुप्या ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेने मारून टाकू, गर्देबाईंवर पोलिसात तक्रार देऊ, म्हणजे समितीपुढे घर स्वच्छ.

परीक्षा पुन्हा का घेत नाही, असं मी विचारलं. पुरामुळे फलित अंडी येत नाहीत, पुढच्या आठवड्यात येतील, असं उत्तर मिळालं. मग आठवडाभर थांबा, मी म्हटलं. संशयित जिवंत विषाणू आठवडाभर ठेवला आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण, हे त्यांनी मलाच विचारलं. या देशात ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न उत्तरासाठी विचारतच नाहीत. तो तोंड बंद करायला विचारतात.

“तुम्हाला फार त्रास नाही, दातारबाई,” संचालक म्हणाले. “तुम्ही फक्त सही करायची.”

मृणालिनी मला तिच्या रिकाम्या टेबलापाशी उभी भेटली. चाळिशीची, किडकिडीत, पातळाच्या काठाला पुराचा चिखल. ती रडत नव्हती. कपाटाची किल्ली काढून घेतली होती, तरी तिचा हात कमरेशी तीच चाचपत होता.

“वाण माझाच आहे, मी तो बदललेला नाही,” ती म्हणाली. “आणि तो एकोणचाळीसला वाढला, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन्ही खरं आहे, बाई. आता काय करता करा.”

२

दोन खऱ्या गोष्टी एकमेकींत बसत नसतील तर तिसरी कुठली तरी खोटी असते. माझं सगळं तर्कशास्त्र एवढंच.

शनिवारी संध्याकाळी पुरातून वाट काढत, दहा दिवस उबवलेल्या, आत पिल्लू धरलेल्या अंड्यांचा शेवटचा ट्रक आला. मृणालिनीने लगेच दोन्ही ट्रे टोचले, मशीनमध्ये ठेवले आणि ती घरी पळाली, कारण ब्रह्माघाटाच्या तिच्या घरात पाणी होतं आणि वडील अंथरुणाला खिळलेले. रविवार तिचा सामान वर चढवण्यात गेला. रविवारी मशीनवर लक्ष ठेवायची पाळी उपसंचालक डॉ. रत्नाकर विपट यांची होती. सोमवारी सकाळी सहायक लतिका शेवडे हिने अंडी फोडली.

मला पहिला संशय विजेचा आला. पुराच्या दिवसांत बनारसची वीज म्हणजे लहरी जावई, कधी रुसेल नेम नाही. पण त्या खोलीत भिंतीवर विजेवर चालणारं घड्याळ होतं, दोन्ही मशीनच्याच लाइनवर. वीज गेली असती तर तेही मागे पडलं असतं. सोमवारी ते बरोबर होतं आणि कुणी त्याला हात लावला नव्हता. माझा संशय तिथेच बसला.

मशीन दोन. तेहतीसचं नवं, परदेशी, पांढरंशुभ्र, कंपनीचं सील लावलेलं. बिघडलं तर कलकत्त्याहून माणूस येतो. एकोणचाळीसचं जुनं, लाकडी, पोटात देशी हीटर घातलेलं, दारावर शेंदराचं स्वस्तिक काढलेलं. माझी नजर तिथे गेलेली पाहून संचालक ओशाळे हसले. म्हणाले, मेकॅनिक मंडळी दसऱ्याला काढतात, आपल्याकडची खंडेनवमी. आमच्या उबवणी केंद्रातही काढायचे. मी मान डोलावली.

डॉ. विपट गोरेगोमटे, मऊ बोलणारे. वरच्याला पायरी आणि खालच्याला भिंत, असा माणूस. मृणालिनीबद्दल त्यांना वाईट वाटत होतं म्हणे. एकटी बाई, घरी आजारी वडील, समितीची तारीख जवळ. वाण मेला असेल, भीतीपोटी दुसरा भरला असेल. त्यांनी सगळं इतकं समजून घेतलं होतं की तिला बोलायला काही शिल्लकच नव्हतं.

रविवारी तुम्ही स्वतः आला होता का, हे मी त्यांना विचारलं.

“म्हणजे काय, स्वतः आलो. थर्मामीटर पाहिला, एकोणचाळीस. काचेवर हात ठेवून पाहिला, तर चटका बसावा इतकी काच तापलेली.”

मला ते खटकलं. एकोणचाळीस अंश म्हणजे तापातल्या पोराचं कपाळ. त्याने चटका बसत नाही. पण माणसं बोलताना फोडणी घालतात. मीही ते फोडणीच्या खात्यात टाकलं.

लतिका तिशीतली, चटपटीत, आणि मृणालिनीवर खार खाऊन. ते तिने लपवलंही नाही. ताई सगळ्यांसमोर पाणउतारा करतात. पिपेट अशी काय धरलीस, पोळपाट-लाटणं आहे का ते. तीन वर्षं ऐकते आहे. अंड्यांबद्दल विचारलं तर तिने खांदे उडवले. सांगण्यासारखं काहीच नव्हतं. दोन्ही ट्रेमधली पिल्लं जिवंत, दोन्हीकडच्या अंड्यांतलं पाणी विषाणूने भरलेलं. एकदा तर ट्रे बदलला की काय अशी तिला शंका आली, इतकी पिल्लं एकसारखी. चिठ्ठी बघून खात्री केली. मग पुन्हा ताईंवर आली.

मी कपाटाच्या किल्लीवर प्रश्न विचारत राहिले. माझ्या कानाखाली कुणीतरी वाजवायला हवी होती.

संध्याकाळी मी आमच्या तीर्थोपाध्यायांकडे, अहिल्याबाई घाटावरच्या वेणीमाधवभटांकडे उतरले. खालच्या मजल्यावर अजून गाळ होता, पण भटजींच्या तोंडाला ओहोटी माहीत नव्हती. शनिवारी रात्री चंद्रग्रहण होतं. पूर असूनही स्नानाला अलोट गर्दी. एका बड्या साहेबांच्या मातोश्री साताऱ्याहून आल्या होत्या. ग्रहण सुटल्यावर स्नान, मग रविवार उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत दानं, दर्शनं, पितृपक्षाची प्रतिपदा. म्हातारी तरतरीत. मागे एक डॉक्टर दिवसभर छत्री धरून. पोटच्या पोरानेही धरली नसती, असं भटजी म्हणाले आणि मला आणखी एक पोळी वाढू लागले. माझं लक्ष नव्हतं. मी किल्लीतच अडकले होते.

३

गुरुवारी मी ढुंढिराज पायगुडे यांना गाठलं. प्रयोगशाळेचे मेकॅनिक, साठीला आलेले, कपाळावर गंध, पान खाऊन ओठ लाल. घराणं बालाजी घाटावरचं, पेशव्यांच्या काळात आलेलं. मराठी बोलायला सुरुवात करत आणि वाक्य हिंदीत जाऊन बसे.

एकोणचाळीसचं मशीन त्यांचं लाडकं होतं. बारा वर्षांपूर्वी भंगारात निघालेलं त्यांनी सोडवून आणलं, हीटर हाताने गुंडाळला. “त्या पांढऱ्याला मी हात लावत नाही, बाईसाहेब. ते साहेब लोकांचं. हे आपलं आहे.”

रविवारी मशीन बिघडलं होतं का?

कुणी लेकीच्या चालीबद्दल विचारावं तसा त्यांचा चेहरा पडला. बारा वर्षांत कधी बिघडलं नाही, म्हणाले. त्यांच्यासमोरच हीटर, पंखा, तार, सगळं मी चाचपून पाहिलं. खरंच काही बिघाड नव्हता. थर्मामीटर एकोणचाळीसवर ठाण मांडून होता.

म्हणजे मशीन चांगलं, वीज चांगली, उपसंचालकांनी डोळ्यांनी पाहिलेलं. राहिली मृणालिनी. मला त्या बाईचा राग यायला लागला, खरं सांगते. निरपराध माणसाला वाचवता येत नसेल तर त्याचाच राग येतो. मी तिला विचारलं, तुमच्याशी कुणाचं वैर आहे का, कुणी किल्ली चोरली असेल का. कुणी चोरली नाही, ती म्हणाली. झोपतानाही ती उशाखाली असते. एक खोटं बोलली असती तर संशयाची फांदी दुसऱ्याकडे वळवता आली असती. तेही नाही.

दुपारी संचालकांचा शिपाई टाइप केलेला कागद घेऊन आला. ‘उपरोक्त वाणात हेतुपुरस्सर भेसळ झाल्याचे चौकशीअंती सिद्ध झाले.’ खाली माझं नाव, वर सहीची जागा. मी चष्मा काढून टेबलावर आपटला. टेबलाला काही झालं नाही. चष्म्याची काडी मोडली.

सकाळी कुप्या जळणार होत्या आणि मला समोरची भिंतही धड दिसत नव्हती.

४

दशाश्वमेधच्या रस्त्यावर चष्मेवाल्याचं खोपटाएवढं दुकान. त्याने काडी उलटसुलट पाहिली आणि बाजूला मोडक्या चष्म्यांच्या ढिगावर ठेवली. आत्ता हवा आहे, मी म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, “माताजी, इतवार को विश्वकर्मा पूजा थी, औज़ार बंद थे. सारा काम अटका पड़ा है.”

माझं डोकं आधीच तापलेलं. मी त्याला सुनावलं की हत्यारांची पूजा दसऱ्याला असते, त्याला अजून अवकाश आहे, मला शेंडी लावू नकोस.

त्याने माझ्याकडे लहान मुलीकडे बघावं तसं पाहिलं. “दशहरे को तो रावण जलता है, माताजी.”

मी तिथल्या बाकावर बसले.

आम्ही महाराष्ट्रातली माणसं हत्यारं पुजतो ती दसऱ्याला. इथे ती पुजतात विश्वकर्म्याच्या दिवशी. कारखाना असो, गॅरेज असो, चष्म्याचं दुकान असो, त्या दिवशी औजाराला आंघोळ, शेंदूर, हार, आणि मुख्य म्हणजे विश्रांती. त्या दिवशी औजार चालवायचं नाही. जुन्या मशीनवरचं स्वस्तिक गेल्या दसऱ्याचं नव्हतंच. ते चार दिवसांचं होतं. आणि नव्या मशीनवर ते नव्हतं, कारण त्याला ढुंढिराज हातच लावत नसत.

मशीन बिघडलं नव्हतं. त्याला सुट्टी दिली होती.

बनारसची सप्टेंबरातली उमस, बंद खोली, बंद लाकडी पेटी. आत किती अंश भरतील? बत्तीस-तेहतीस. वाणाला हवे तेवढेच. तो वाढला, कारण त्याला कुणी तापवलंच नाही. त्याची परीक्षा झालीच नव्हती आणि त्याला नापास करून मोकळे झाले होते.

पण हे माझ्या डोक्यातलं. पुरावा कुठे होता? थर्मामीटर मागचं सांगत नाही. आणि मग लतिकाचं वाक्य, जे मी कानाआड केलं होतं, ते माझ्या उभ्या जन्माच्या धंद्यातून उठून समोर आलं. पिल्लं एकसारखी. अरे, अंड्यातलं पिल्लू हाच थर्मामीटर असतो. उष्णता जास्त तर ते घाईने वाढतं, अंगावर लव लवकर येते. कमी तर मागे रेंगाळतं. तेहतीसचं आणि एकोणचाळीसचं पिल्लू शेजारी ठेवलं तर आंधळ्यालाही बोटांनी फरक कळेल. इथे ट्रे बदलला की काय अशी शंका यावी इतकी ती सारखी होती.

मी तशीच, बिनचष्म्याची, लतिकाच्या घरी गेले. ती कणीक मळत होती. लव कशी होती, चोच कुठवर आलेली, डोळ्यांची पापणी कशी, एकेक विचारत गेले आणि तिचे हात थांबले. सगळं सारखं होतं, ती म्हणाली. मग मी काय विचारते आहे ते तिच्या लक्षात आलं.

“म्हणजे ताईंनी काहीच केलं नाही?” तिच्या आवाजात चक्क निराशा होती.

नाही, मी म्हटलं. आणि आता हे सांगायला उद्या माझ्याबरोबर यावं लागेल. तिने हाताची कणीक परातीत झाडली आणि येते म्हणाली.

एक गोष्ट उरली होती, आणि तीच सगळ्यात घाणेरडी. मशीन रविवारी बंद होतं, तर विपटांना चटका कुणी दिला?

५

शुक्रवारी सकाळी मी बालाजी घाटावर ढुंढिराजांच्या दारात होते. ते पूजेला बसायच्या तयारीत. मी एकच प्रश्न विचारला, जो तीन दिवसांत कुणी विचारला नव्हता: मशीन तुम्ही बंद केलं का?

“हो जी, शनिवारी संध्याकाळी केलं, सोमवारी पहाटे चालू केलं. साल में एक दिन तो आराम देना पड़ता है.” त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. देवाला नैवेद्य दाखवला हे कुणी चौकशीत सांगतं का? आत अंडी होती, हे त्यांना दिसलं होतं. म्हणून तर ते विपटांकडे विचारायला गेले होते. डॉक्टरसाहेब छत्री शोधत घाईत होते. म्हणाले, अंडी राहू द्या, तुम्ही तुमचं करा.

“मग मी केलं. चूक झाली का, बाईसाहेब?”

मी फक्त म्हटलं, सदरा घाला आणि चला. वाटेत भटजींच्या दारात थांबून मी आणखी एक गोष्ट विचारून घेतली: छत्री धरणारा डॉक्टर कोण आणि म्हातारी कुणाची आई.

प्रयोगशाळेत कुप्यांची टोपली ऑटोक्लेव्हच्या तोंडाशी ठेवलेली होती. मृणालिनी तिच्यासमोर उभी होती, प्रेताजवळ बसावं तशी नव्हे, दाराशी कुणी अडवून उभं राहावं तशी. विपट घड्याळ बघत होते. मी टोपली उचलली आणि संचालकांच्या टेबलावर आणून ठेवली. माझ्यामागे सगळी वरात.

मग मी सांगितलं. स्वस्तिक एकाच मशीनवर का, काच चटका देईल इतकी का तापत नाही, पिल्लं सारखी का होती. लतिकाने, नजर खाली ठेवून पण स्पष्ट, जे पाहिलं ते सांगितलं. ढुंढिराजांनी बंद केल्याचं सांगितलं आणि कुणाला विचारून केलं तेही. संचालकांचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. विपट म्हणाले की मेकॅनिकचं बोलणं पुरावा नव्हे. रविवारी त्यांनी स्वतः एकोणचाळीस पाहिलं होतं.

“केव्हा पाहिलं?” मी विचारलं आणि संचालकांकडे हात केला. “ग्रहण सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत तुम्ही घाटावर यांच्या आईंवर छत्री धरून होता.”

विपटांनी संचालकांकडे पाहिलं, संचालकांनी टेबलावरच्या कागदांकडे.

संचालकांना ते ठाऊक होतं. विपट दिवसभर कुठे होते हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यांनी सोमवारी विचारलं नाही, मंगळवारी विचारलं नाही. विचारलं असतं तर सरकारी माणूस आपल्या आईच्या स्नानाला कुणी जुंपला हेही निघालं असतं. त्यापेक्षा एक बाई तुरुंगात गेलेली परवडली. विपट एक खोटं बोलले आणि संचालकांनी ते न ऐकता ऐकलं. रानटी विषाणू कुणी मिसळला असेल तर तो यांनी, आणि कुपीत नव्हे.

संचालक सावरले. असली माणसं पडत नाहीत, नुसती कूस बदलतात. ते म्हणाले, मार्ग सोपा आहे. मेकॅनिकने न विचारता मशीन बंद केलं, असं लिहू. वाण वाचेल, गर्देबाई सुटतील, परीक्षा पुन्हा घेऊ. पायगुडे तसेही निवृत्तीला आले आहेत.

ढुंढिराज म्हणाले, लिहा साहेब. ते मृणालिनीकडे बघत म्हणाले. “ताई, तुमची सहा वर्षं आहेत. माझं काय, घाटावर बसेन.”

“नाही,” मृणालिनी म्हणाली. “मग जाळा.”

तिने टोपली विपटांच्या दिशेने सरकवली.

तेव्हा मी उठले आणि संचालकांना विचारलं की मातोश्री बंगल्यावरच आहेत ना. म्हटलं, जाऊन भेटते. काशीत ग्रहणाचं स्नान केलेली बाई, तिला एवढंच विचारते की रविवारी छत्री कोण धरून होतं. आणि तुमच्या पुण्यापायी इथे एका बाईला चोर ठरवलं, हेही सांगते.

दिल्लीच्या समितीला तो माणूस भ्याला नव्हता. पोलिसाला, मला, कुणालाच नाही. आईला भ्याला. त्याने हात वर केला, मला बसायची खूण केली आणि पाणी मागवलं.

६

पुढचं ठरवायला दुपार गेली, आणि ती दुपार मला अजून चावते.

कुप्या जळणार नाहीत. समितीला आठवड्याची मुदत मागायची. ढुंढिराजांच्या केसाला धक्का नाही. मृणालिनीवर तक्रार नाही. एवढं त्यांनी दिलं. त्या बदल्यात मागितलं ते असं, की कारण म्हणून ‘तापमानात तांत्रिक बिघाड’ एवढंच लिहायचं. रविवारी पाळी कुणाची आणि तो कुठे होता, हे कुठेच नाही. डॉ. विपट उपसंचालक राहतील आणि या वाणाचं काम यापुढे त्यांच्या देखरेखीखाली चालेल.

मी सही करणार नाही, म्हटलं. मग मंत्रालयापर्यंत जाऊ, संचालक म्हणाले, आणि मंत्रालयापर्यंत म्हणजे किती वर्षं हे दोघांनाही ठाऊक होतं. तोवर कुप्या कुलपात, किल्ली संचालकांकडे.

मी मृणालिनीला बाहेर व्हरांड्यात नेलं. तिला म्हटलं, लढू. मी आहे, लतिका आहे, ढुंढिराज आहेत, भटजींना उभं करते. तुमचं काम हा माणूस स्वतःच्या नावावर लावेल, तुमच्या डोक्यावर बसून रोज तुम्हाला हुकूम सोडेल, आणि तुम्ही काय, पदर खोचून अंडी टोचत राहणार? मी बरंच बोलले. माझा आवाज चढला होता, दोन शिपाई डोकावून गेले.

“बाई, तुम्ही परवा पुण्याला जाल,” ती म्हणाली. “मला सोमवारी अंडी टोचायची आहेत. हिवाळा लागला की फ्लू येईल. तो विपटांचं नाव बघून थांबायचा नाही.”

मग तिने आत जाऊन संमती दिली. त्यानंतर मी सही केली. तिच्या नाकावर टिच्चून माझं तत्त्व मिरवायचा मला काय अधिकार होता? आणि तरीही ती सही करताना माझ्या पेनाची निब वाकडी झाली.

पुण्याला पोचल्यावर दोन आठवड्यांनी तार आली. ‘एकोणचाळीसला वाढ नाही. तेहतीसला उत्तम. वाण पास.’

खाली नाव होतं: विपट.